मंत्रचळ: गोळ्या एवढ्यात बंद करू नका

एकांनी लिहिलंय की त्यांच्या वहिनी दिवसभर हात धुतात, महिनाभर गोळ्या घेऊनही फरक नाही, म्हणून बंद करायचा विचार चाललाय. कृपया घाई करू नका. फ्लुओक्सेटिन, सर्ट्रालिन या गटातल्या गोळ्यांना मंत्रचळात (ओसीडी, म्हणजे नकोसे विचार येत राहून तीच कृती पुन्हा पुन्हा करावीशी वाटणं) 8 ते 12 आठवडे द्यावे लागतात, डोसही डिप्रेशनपेक्षा बहुधा जास्त लागतो. या गोळ्यांची नशेसारखी सवय लागत नाही, पण परस्पर एकदम सोडल्या तर चक्कर, चिडचिड, झोपमोड असा त्रास होऊ शकतो.

आणि निव्वळ गोळ्यांवर थांबू नका. 1966 साली लंडनमध्ये मानसशास्त्रज्ञ व्हिक्टर मेयर यांनी मांडलेल्या उपचाराचं पुढे एक्स्पोजर अँड रिस्पॉन्स प्रिव्हेन्शन झालं. म्हणजे भीती वाटते ती गोष्ट करायची, पण नेहमीची कृती टाळायची: थेरपिस्टसोबत दाराच्या कडीला हात लावायचा आणि धुवायचा नाही. जीव कासावीस होतो, वाटतं आता सहन होणार नाही, पण न धुताही ती घालमेल हळूहळू ओसरते. हे मेंदूला पुन्हा पुन्हा अनुभवू द्यायचं, सोप्या गोष्टीपासून सुरुवात करून. बेसिनपाशी अडवून जबरदस्ती करणं म्हणजे हा उपचार नव्हे, त्याने भांडणंच होतील.

घरच्यांनी एक जरूर करावं. "माझे हात स्वच्छ आहेत ना?" याला दरवेळी "हो, आहेत" म्हणणं थेरपिस्टच्या सल्ल्याने कमी करत जायचं. त्या उत्तराने घटकाभर बरं वाटतं, पण शंका आणि धुण्याचं चक्र चालूच राहतं. वहिनींना हे आधी प्रेमाने सांगा.

जवळ कोणी थेरपिस्ट नसेल तर टेलिमानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा सरकारी नंबर मोफत आहे, मराठीतही बोलता येतं.