मदत हवी आहे: मिशनऱ्यांचा बर्नआउट सर्वे, सगळे फॉर्म "एकदम मजेत" येतायत

नमस्कार मंडळी, सायकॉलॉजीत पीएचडी करतेय. मिशनरी म्हटलं की आपल्याला गोरा साहेबच दिसतो, पण माझे सगळे देशी, तमिळनाडू नि मिझोराममधून येऊन गुजरातच्या डांगात राहिलेले.

बर्नआउट, म्हणजे कामाने आलेला मानसिक थकवा, मोजायला मासलाखची 22 प्रश्नांची प्रश्नावली आणि सोबत नैराश्यासाठी नऊ प्रश्नांची पीएचक्यू-9 वापरतेय. पहिल्या खेपेला फॉर्म त्यांच्या सुपरवायझरकडे दिले, ही माझी घोडचूक, कारण परत आले ते एका रबरबँडमध्ये आणि पीएचक्यूला बहुतेकांचे 27 पैकी शून्य. दोन आठवड्यांत एकदाही थकवा नाही, झोप उडाली नाही, डोंगरात पायी फिरणाऱ्यांना!

मग एकांकडे स्वतः गेले, तिथेही शून्यच. चहा झाला, मी चपला घालत होते तेव्हा हळूच म्हणाले, "दीदी, चार महिने से रात को दो बजे उठ जाता हूँ. ये मत लिखना."

कळतं हो मला. खर्च चालतो पाठीराख्यांच्या देणगीवर, त्यांना महिन्याला पत्र जातं आणि त्यात सगळं छानच लिहायचं असतं. मिझोराममध्ये तर बायका चुलीवर भात चढवायच्या आधी मूठभर तांदूळ चर्चसाठी काढून ठेवतात, त्यातून मिशनचा खर्च निघतो. त्या तांदळावर जगणारा "कशात मन लागत नाही" वर टिक कसा करेल?

नवव्या, मरणाच्या विचारांच्या प्रश्नावर एक बाई म्हणाल्या, "मेले तर प्रभूकडेच जाणार, त्यात वाईट काय?" आता याला किती मार्क देऊ?

शिवाय गुजरातेत 2003 पासून धर्मांतरविरोधी कायदा, त्यामुळे संमतीपत्रावर सही म्हटली की पेन खाली. माणसं इतकी थोडी की "तमिळ, नर्स, 45" एवढं छापलं तरी ओळख पटेल.

तर, तोंडी संमती कुणी घेतलीय का? आणि काम सोडून गावी परतलेल्यांना गाठायचं कसं, खरे थकलेले तर तेच ना?

प्रतिसाद १: ताई, ते रबरबँडवाले फॉर्म आधी बाजूला ठेवा, ते काही कामाचे नाहीत. तोंडी संमती आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) 2017 च्या नियमावलीत बसते, पण एथिक्स कमिटीची मंजूरी आधी घ्या. परतलेल्यांचं म्हणाल तर चपला घालताना बोलले ना, त्यांनाच विचारा, त्यांना दोघंतिघं नक्की माहीत असणार. फक्त नंबर तुम्ही मागू नका, तुमचा द्या.