लेकराची गोष्ट लिहून घेताना त्याची भाषा सुधारावी का?

बीडची सेविका:
माझी अंगणवाडी माजलगाव तालुक्यात. निम्मी लेकरं ऊसतोडीवाल्यांची, कारखाना बंद झाला की परत येतात. त्यातलं एक साडेचार वर्षांचं, कधी तोंड उघडायचं नाही. परवा ठोकळे रचता रचता आपोआप सुरू झालं: "ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या व्हत्या. एकीत ऊस, एकीत चांदोबा. चांदोबा खाली पडला. कोल्ह्यानं खाल्ला. मग कोल्ह्याच्या पोटात उजेड पडला." हाताशी वही होती, तिच्या मागच्या पानावर उतरवून घेतलं. आता प्रश्न असा, "व्हत्या"चं "होत्या" करायचं का? त्यात त्याची आजी म्हणते, बाई, लेकराला खोटं बोलायला काहून शिकवता? अन् भेटीला येणाऱ्या मॅडमना फक्त बडबडगीतं पाठ पाहिजेत.

लातूरच्या ताई (बालवाडी प्रशिक्षण):
"व्हत्या" तसंच राहू द्या. लिहिताना शब्दाखाली बोट फिरवत मोठ्यानं वाचून दाखवा. आपण बोललो तेच कागदावर उमटलं, हे लेकराला तिथं कळतं. मुळाक्षरं त्यानंतर सोपी जातात. शिकागोच्या विवियन पेली बालवाडीत हेच करायच्या. मूल सांगेल ते लिहायचं आणि त्याच दिवशी सगळ्यांनी मिळून ती गोष्ट करून बघायची. कोण व्हायचं ते गोष्टवाल्यानं आधी निवडायचं. तात्पर्य विचारू नका हो, तिथंच लेकरं गप्प होतात. सुरुवातीला सगळं "मग... मग..." चालतं. ज्या दिवशी "पण" किंवा "म्हणून" येईल, त्याखाली तारीख टाका. मॅडमना दाखवायला तेच पान काढा, गाण्यापेक्षा त्यात जास्त दिसतं.

परभणीचा बाप:
ताई, राग मानू नका. तालुक्याच्या इंग्लिश स्कूलमधली पोरं एबीसीडी म्हणतात अन् आमची कोल्हा कोल्हा करत बसतात. उद्या पहिलीत गेल्यावर काय?

लातूरच्या ताई:
दादा, २०२० च्या शैक्षणिक धोरणात तीन ते आठ वर्षं हा एकच टप्पा धरलाय, खेळातून आणि घरच्या भाषेतून शिकण्याचा. आणि हे आजचं खूळ नाही. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला काम सुरू केलं, मुलं येईनात तर बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. एबीसीडी पाठ होते हो, पण ज्याला सांगायलाच काही नाही ते लेकरू लिहिणार काय?

हिंगोली, तांड्यावरची:
आमच्याकडं लेकरं गोरमाटीत, म्हणजे बंजारा बोलीत सांगतात. मी "याडी" लिहिते, "आई" करत नाही. आजीबाईंना एकदा बोलावून त्यांचीच राक्षसाची गोष्ट सांगायला लावा, अन् मग विचारा राक्षस खरा का खोटा! बाकी पाटीवर लिहू नका, पुसलं जातं. जुन्या फॉर्मच्या कोऱ्या बाजू शिवून प्रत्येकाची वही करा. ऊसतोडीला जाताना लेकरू सोबत नेतं. मोबाईलवर फोटो मात्र आधी काढून ठेवा, तिकडून वही परत येईलच असं नाही.