विषय: डिसेंबरचे स्नेहभोजन – शाकाहारी मंडळींसाठी वेगळा तेप्पान (जेवणाऱ्यांच्या समोरच ज्यावर शिजवतात तो जपानी लोखंडी पत्रा) मिळणार आहे का?

प्रेषक: सचिव, नागपूर गट

सप्रेम नमस्कार.

वर्धा रोडवरच्या हॉटेलने तीन तेप्पान काउंटर गुरुवारपर्यंत आपल्यासाठी राखून ठेवण्याचे मान्य केले आहे. धरमपेठेतल्या जागेचा दर कमी आहे, पण तिथे दोनच काउंटर आहेत आणि एका काउंटरवर आठच जण बसतात, त्यामुळे आपल्या चोवीस जणांपैकी आठ जणांना बाजूच्या साध्या टेबलावर बसावे लागेल. स्नेहभोजनाच्या आठवड्यात विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन सुरू असल्याने गुरुवारनंतर कुठेही जागा मिळण्याची खात्री नाही. कृपया आपली पसंती लवकर कळवावी.

प्रेषक: इतवारीच्या वहिनी

सचिवसाहेब, जागा कोणतीही ठरवा, पण त्याआधी हॉटेलकडून एका प्रश्नाचे उत्तर घ्या. ज्या पत्र्यावर नुकतीच कोळंबी भाजली आहे, त्याच पत्र्यावर आम्हा नऊ शाकाहारी मंडळींचे जेवण होणार आहे का? मागच्या स्नेहभोजनाच्या वेळीही शाकाहाराची सोय असल्याचे आपल्याला सांगण्यात आले होते आणि प्रत्यक्षात काय झाले ते सर्वांना ठाऊक आहे. मेनूत भाज्या आणि टोफू आहे एवढ्याने माझे समाधान होत नाही. शिवाय माझ्या सासूबाई कांदा-लसूण घेत नाहीत. सगळे गरम जेवत असताना त्यांनी पुन्हा फळांची बशी समोर घेऊन बसावे, हे मला अजिबात मान्य नाही.

प्रेषक: खजिनदार

दोन्ही ठिकाणच्या दरांची तुलना करताना कर लक्षात घ्यावा. वर्धा रोडवरच्या हॉटेलात खोलीचे भाडे 7,500 रुपयांच्या वर असल्याने तिथे जेवणाच्या बिलावर 18 टक्के जीएसटी लागेल, धरमपेठेत तो 5 टक्के आहे. सेवाशुल्क ग्राहकाला न विचारता बिलात परस्पर लावता येत नाही, असे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 2022 मध्येच स्पष्ट केले आहे, तेव्हा ती रक्कम दरपत्रकातून आताच काढून घ्यावी. आगाऊ रकमेचा धनादेश मी लेखी अटी हातात आल्याशिवाय देणार नाही.

प्रेषक: रामदासपेठेतले काका

वहिनींचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे आणि कराचा विचार त्यानंतर व्हावा, असे माझे स्पष्ट मत आहे. जपानमधल्या कोबेला असताना मी हे काम काउंटरवर बसून अगदी जवळून पाहिले आहे. स्वयंपाकी सुरुवातीला तेलात लसणाच्या पातळ चकत्या सोनेरी होईपर्यंत तळतो, त्या पत्र्याच्या कमी तापलेल्या कडेला सरकवून ठेवतो आणि त्याच लसणाच्या तेलावर मांस टाकतो. पुढच्या पदार्थाआधी तो उलथन्याने पत्रा खरवडतो आणि कापडाने पुसतो, पण जेवण चालू असताना पत्रा धुतला जात नाही. आपल्याकडच्या बिडाच्या तव्यासारखे त्या लोखंडातही तेल मुरलेले असते. शेवटचा परतलेला भात तर आधीच्या सगळ्या पदार्थांच्या रसावरच चवीला येतो. जपानमध्ये पत्र्याला पुष्कळदा गाईची चरबीही लावतात. म्हणून ‘वेगळी उलथनी वापरू’ एवढ्या उत्तरावर आपण समाधान मानू नये. पत्राच वेगळा हवा आणि त्यावरचा पहिला पदार्थ कांदा-लसणाविना झाला पाहिजे.

प्रेषक: मनीषनगरचे दादा

काका, चरबीची चिंता नागपुरात करण्याचे कारण नाही. महाराष्ट्रात गोहत्येवर बंदी आधीपासूनच होती आणि 2015 च्या सुधारित कायद्याने बैल व वळूही तिच्या कक्षेत आले. इथे विचारायचे ते सॉसविषयी आणि सुपाविषयी. मिसो (आंबवलेल्या सोयाबीनचा लगदा) घातलेल्या सुपाचे पाणी बहुधा सुकवलेल्या बोनिटो माशाच्या दाशीचे, म्हणजे उकळून काढलेल्या अर्काचे, असते आणि नुसते वरून पाहून ते ओळखू येत नाही. कोंबू या समुद्री शेवाळाची दाशी केली तर मासा टाळता येतो. भाज्यांवर ऑयस्टर सॉस (कालवांचा सॉस) घालतात का, हेही स्वयंपाक्यालाच विचारावे. फोन घेणाऱ्या माणसाला ते सांगता येईल असे मला वाटत नाही.

प्रेषक: महालातले काका

मुळात जपानहून येणाऱ्या दोन पाहुण्यांना नागपुरात जपानी जेवण कशासाठी द्यायचे? कामठीचे ड्रॅगन पॅलेस हे बौद्ध मंदिर आणि दीक्षाभूमी पाहून आल्यावर त्यांना पाटवडी रस्सा आणि वडाभात वाढावा, हे मी मागच्या बैठकीतही मांडले होते.

प्रेषक: सचिव, नागपूर गट

काका, पाहुण्यांचे दुसऱ्या दिवशीचे दुपारचे जेवण आपल्याच सूचनेप्रमाणे ठरले आहे. रात्रीचे स्नेहभोजन मुख्यतः आपल्या सभासदांसाठी आहे.

आज हॉटेलच्या मुख्य स्वयंपाक्याशी प्रत्यक्ष बोललो. एक काउंटर पूर्णपणे शाकाहारी ठेवायला ते तयार आहेत. आदल्या रात्री तो पत्रा धुऊन घेतील आणि भांडी, उलथनी व तेल वेगळे ठेवतील. सूप कोंबूच्या दाशीचे होईल. अडचण एवढीच आहे की काउंटरवर आठ खुर्च्या आहेत आणि वहिनींच्या यादीत नऊ जण आहेत. काउंटरच्या दोन्ही टोकांना येण्याजाण्याची वाट असल्याने नववी खुर्ची लावता येत नाही. नवव्या व्यक्तीचे ताट शाकाहारी काउंटरवर तयार करून दुसऱ्या काउंटरवर नेऊन द्यावे, असे त्यांनी सुचवले आहे.

प्रेषक: इतवारीच्या वहिनी

ताट उचलून नेऊन देण्याला माझा विरोध आहे. तेप्पानयाकीत समोर शिजलेला पदार्थ लगेच खायचा असतो. तो एका माणसाला निवलेला मिळणार असेल, तर आपण साध्या टेबलावरच जेवलेले बरे. आणि ती नववी व्यक्ती कोण, हे कोणी ठरवायचे?

प्रेषक: ओसाकाहून येणारी ताई

मुलांना कांद्याच्या चकत्यांचा मनोरा आणि त्यातून उठणारी ज्वाळा पाहायची आहे. दोन्हींपैकी कोणत्या ठिकाणी ते करून दाखवतात, हे कोणी विचारले आहे का?

प्रेषक: रामदासपेठेतले काका

ताई, तो खेळ न्यूयॉर्कमध्ये 1964 साली सुरू झालेल्या बेनिहाना या उपाहारगृहाने जगभर लोकप्रिय केला. कोबेत मिसोनो या उपाहारगृहाने 1945 साली तेप्पानवर स्टेक करायला सुरुवात केली. आज जपानमधल्या चांगल्या काउंटरवर स्वयंपाकी शांतपणे काम करतो आणि पाहण्यासारखे असते ते त्याचे हात. मुलांच्या आनंदाला माझी हरकत नाही, पण जागेची निवड ज्वाळेवरून होऊ नये. लहान मुलांना पत्र्यापासून हात लांब राहील अशा उंच पाठीच्या खुर्च्या मिळतील का, हे मात्र अवश्य विचारावे.

नवव्या खुर्चीबाबत माझी सूचना अशी आहे की आपण दोन काउंटर शाकाहारी करावेत. दोन काउंटरवर सोळा जण बसतील. शाकाहारी नऊ आहेत, म्हणजे मांसाहार करणाऱ्या पंधरांपैकी सात जणांनी त्या रात्री शाकाहारी जेवण घेतले, तर कोणालाही वेगळे बसावे लागणार नाही आणि उरलेले आठ जण तिसऱ्या काउंटरवर व्यवस्थित बसतील. यात कोणाचा त्याग आहे असे मला वाटत नाही. जाड कापलेले वांगे तेप्पानवर सावकाश मऊ होते आणि त्याची साल कुरकुरीत होते. शिताके अळंबी, लाल भोपळा, कमळकाकडी, बाहेरून खरपूस आणि आतून मऊ राहिलेला टोफू, हे सगळे मी कोबेत मांसापेक्षा अधिक आवडीने खाल्ले आहे. माझे आणि सौभाग्यवतींचे नाव त्या सातांत लिहावे.

प्रेषक: मनीषनगरचे दादा

माझेही लिहा. दोन्ही काउंटरची तेले वेगवेगळी ठेवून एकावर लसूण वापरायचा आणि दुसऱ्यावर नाही, असे केले तर वहिनींच्या सासूबाईंचाही प्रश्न सुटतो.

प्रेषक: खजिनदार

शाकाहारी जेवणाचा दर माणशी कमी असल्याने करातला फरक बराचसा भरून निघेल, त्यामुळे वर्धा रोडला माझी संमती आहे. पत्रा धुण्याची, तेल वेगळे ठेवण्याची आणि कोंबूच्या दाशीची अट करारात स्वतंत्रपणे लिहून घ्यावी. ताईंनी व त्यांच्या यजमानांनी फोनवर नावे दिली आहेत.

प्रेषक: इतवारीच्या वहिनी

काका, दादा, मनापासून आभार. सासूबाईंना लसूण नसलेल्या काउंटरवर मधली खुर्ची द्यावी; त्यांना पत्रा जवळून पाहायचा आहे.

प्रेषक: सचिव, नागपूर गट

आतापर्यंत पाच नावे आली आहेत, अजून दोन हवी आहेत. बुधवारी संध्याकाळी सहापर्यंत ती मिळाली, तर मी त्याच दिवशी हॉटेलला लेखी कळवून करार घेऊन येतो.