हेळसांड, आबाळ की टाकून देणे? फलकासाठी शब्द हवा

म्हापशेकर: आमच्या ज्येष्ठ नागरिक मंडळाला पंचायतीबाहेर फलक लावायचाय. हाती आलेला मसुदा असा: ‘वृद्धांचा दुर्व्यवहार व परित्याग दंडनीय अपराध आहे.’ वाचून वाटतं, वृद्धांनीच काहीतरी वाईट केलंय! छळ, उपेक्षा, हेळसांड, आबाळ यांतलं काय लिहावं? कायद्यात बसेल आणि वाड्यावरच्या आजीलाही कळेल असं हवं.

अंत्रुजी: ‘उपेक्षा’ नको. उपेक्षा कवींची होते, आजीची आबाळ होते.

मडगावचा वकील: म्हापशेकरबाब, आधी एक सांगतो. मराठीत हे शब्द आपण एकमेकांच्या जागी बिनदिक्कत वापरतो, पण शिक्षेच्या कलमांत त्यांना वेगवेगळी वजनं आहेत. फलकावर ‘हेळसांड केल्यास तुरुंग’ असं सरसकट लिहिलंत, तर उद्या कोणीतरी तक्रार घेऊन पोलिसांकडे जाईल आणि हात हलवत परत येईल.

आईवडील व ज्येष्ठ नागरिकांसाठीचा २००७ चा कायदा घ्या. त्याच्या कलम २४ खाली शिक्षा आहे ती टाकून देण्याला. ज्याच्याकडे वृद्धाची काळजी किंवा संरक्षण आहे, त्याने त्याला कायमचं सोडून देण्याच्या इराद्याने कुठेतरी ठेवून निघून जायचं, हा तो गुन्हा. तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. दखलपात्र आहे, पण जामीनपात्रही. शिक्षा फारच हलकी आहे हे माझं जुनं रडगाणं, ते इथे गात नाही. मुद्दा असा की घरात ठेवून वेळेवर जेवण न देणं हे या कलमात बसवणं कठीण. त्यासाठी त्याच कायद्यात निर्वाहखर्चाचा अर्ज आहे, तो न्यायाधिकरणापुढे, महिना दहा हजारांच्या मर्यादेत. आदेश मोडून पैसे थकवले तरच तुरुंगाची पाळी येते, थकलेल्या दर महिन्यामागे एक महिन्यापर्यंत.

आता दिव्यांग हक्क कायदा, २०१६, कलम ९२ बघा. दिव्यांग व्यक्ती ज्याच्या ताब्यात आहे त्याने तिला जाणूनबुजून अन्न किंवा पाणी नाकारलं, तर किमान सहा महिने आणि कमाल पाच वर्षं कैद, शिवाय दंड. म्हणजे जिला आपण घरगुती भाषेत आबाळ म्हणतो, ती इथे थेट ‘अत्याचार’ या मथळ्याखाली येते. चारचौघांत मुद्दाम पाणउतारा करणं त्याच कलमात. चाकांची खुर्ची वापरू न देणं, कानाचं यंत्र काढून घेणं, हेही त्यातच.

कुडचडेची वाचक: मग अंथरुणाला खिळलेली सत्तरीची बाई कुठल्या कायद्यात बसणार?

मडगावचा वकील: दोन्हींत बसू शकते. साठी ओलांडली की ज्येष्ठ नागरिक, आणि दीर्घकाळचं अपंगत्व असेल तर २०१६ चा कायदाही लागतो. त्याच्या परिशिष्टात पार्किन्सनसुद्धा आहे. नुसतं म्हातारपण म्हणजे मात्र दिव्यांगत्व नव्हे.

अंत्रुजी: ‘हेळसांड’बद्दल थोडं. हेळणे म्हणजे तुच्छ लेखणे. त्यामुळे या शब्दात दुसऱ्याला कस्पटासमान मानणं आहे, करणाऱ्याची वृत्ती दिसते. ‘आबाळ’ सोसणाऱ्याच्या बाजूचा शब्द. कामाला जाणाऱ्या गरीब लेकीकडूनही आईची आबाळ होते, पण ती हेळसांड करते असं आपण म्हणणार नाही. ‘हयगय’ मधली, निष्काळजीपणाची. वकीलबाब म्हणतात तो ‘जाणूनबुजून’ आबाळ या शब्दात नाही, तो वेगळा लिहावाच लागेल.

सांगेकर: आमच्याकडे एवढे शब्द लागत नाहीत. ‘तिका कोण पळयना’ (तिच्याकडे कोणी बघत नाही) म्हटलं की सगळा वाडा समजतो.

अंत्रुजी: समजतो, आणि गप्प बसतो!

मडगावचा वकील: गप्प बसायची गरज नाही. दिव्यांग व्यक्तीचा छळ होतोय असं वाटलं तर कोणीही कार्यकारी दंडाधिकाऱ्याला कळवू शकतो. हे २०१६ च्या कायद्याच्या कलम ७ मध्येच लिहिलंय.

कुडचडेची वाचक: पगारी केअरटेकर ठेवलेला असतो, मुलं दुबईत नाहीतर लंडनला. त्याने दुर्लक्ष केलं तर?

मडगावचा वकील: भारतीय न्याय संहितेचं कलम ३५७. असहाय माणसाची शुश्रूषा करण्याचा करार करून मुद्दाम ती न करणाऱ्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. करार असणाऱ्यालाच हे लागू, मुलाला नाही. मारहाणीला कलम ११५ आणि खोलीत कोंडण्याला कलम १२७ आहे, ती वयाकडे बघत नाहीत. दोन्हींत वर्षापर्यंत कैद. आणि कोंडण्याला कायद्याच्या मराठीत ‘गैरपरिरोध’ म्हणतात, तो शब्द कृपा करून फलकावर रंगवू नका.

सांगेकर: असल्या मुलांना बेदखल करतात ना? तेही लिहा.

मडगावचा वकील: गोव्यात नको. इथे मुलांचा वाटा कायद्याने ठरलेला, आईवडिलांना मृत्युपत्राने मोकळेपणी देता येतो तो अर्धाच हिस्सा. वर्तमानपत्रात जाहिरात दिली की मुलगा बेदखल, असं इथे होत नाही. ‘सांभाळीन’ या अटीवर जमीन लिहून घेऊन न सांभाळणाऱ्याचं बक्षीसपत्र २००७ च्या कायद्याच्या कलम २३ खाली रद्द होऊ शकतं, पण ती शिक्षा नव्हे.

म्हापशेकर: सगळ्यांचे आभार. ‘परित्याग’ उडवला, ‘छळ’ ठेवला. हे कसं वाटतं? ‘वृद्ध माणसाला टाकून देणे, मारणे, कोंडून ठेवणे हा गुन्हा आहे. दिव्यांग माणसाला जाणूनबुजून उपाशी-तहानलेलं ठेवणाऱ्याला पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. छळ होत असल्यास १४५६७ वर फोन करा.’

मडगावचा वकील: उत्तम. १४५६७ ही ज्येष्ठांची हेल्पलाइन, म्हणून शेवटचं वाक्य ‘वृद्धांचा छळ होत असल्यास’ असं करा.

अंत्रुजी: आणि त्यात परत ‘वृद्धांचा’! पण ‘छळ’ शब्दाला चालतं, तिथे घोटाळा होत नाही. रंगाऱ्याला मात्र बजावा, मंडळाच्या नावातलं ‘ज्येष्ठ’ य सकट. अर्ध्या गोव्यात ‘जेष्ठ’ रंगवलेलं आहे.