हवेतल्या लहरी कुणी बनवल्या नाहीत, मग सरकार त्यांचा लिलाव कसा काय करतं? आणि एवढे पैसे घेऊन नेट का पोचत नाही?

कुतूहल_कायम:
मंडळी, बरेच दिवस डोक्यात घोळतंय म्हणून शेवटी धागाच काढतोय. स्पेक्ट्रमचा लिलाव झाला की बातम्या येतात, इतके कोटी आले, तिजोरी भरली वगैरे. पण मुळात रेडिओ लहरी ही निसर्गातली गोष्ट, ना कुणी खाणीतून काढली ना कारखान्यात बनवली, मग तिचे तुकडे पाडून विकायचा अधिकार सरकारला कुठून आला? बरं, विकायलाच हव्यात म्हणावं तर वायफाय आणि ब्लूटूथला कुणालाच लायसन्स काढावं लागत नाही, तरी ते व्यवस्थित चाललंय की. आणि तिसरं, जे मला सगळ्यात जास्त खटकतं, कंपन्यांनी पैसे मोजले, सरकारने घेतले, तरी वस्ती विरळ असली की तिथे नेटवर्क नाही म्हणजे नाही. मग नियामक म्हणून जे बसलेत ते नेमकं बघतात काय? कुणाची बाजू घ्यायची नाहीये, समजून घ्यायचंय. जरा सविस्तर सांगा.

हॅम_ऑपरेटर:
पहिल्या दोन प्रश्नांचं मी सांगतो. स्पेक्ट्रम वापरून संपत नाही, झिजत नाही, साठवताही येत नाही. अडचण एकच, एकाच जागी, एकाच वेळी, एकाच फ्रिक्वेन्सीवर दोन जोरदार ट्रान्समीटर चालले की समोरच्या रिसीव्हरला दोन्ही वेगळे काढता येत नाहीत आणि दोघांचंही वाया जातं. हे नुसतं पुस्तकी नाहीये, एकदा होऊन गेलंय. टायटॅनिक बुडाल्यावर 1912 मध्ये अमेरिकेत रेडिओचा कायदा झाला, पण त्यात मंत्र्याला लायसन्स द्यायचा अधिकार होता, नाकारायचा किंवा कुठली फ्रिक्वेन्सी वापरायची ते बंधनकारक करायचा अधिकार काही धड नव्हता, आणि 1926 मध्ये कोर्टाने तसंच सांगितलं. मग काय, स्टेशनं वाट्टेल त्या फ्रिक्वेन्सीवर उड्या मारायला लागली, पॉवर वाढवत सुटली आणि ऐकणाऱ्याला नुसती खरखर. शेवटी 1927 मध्ये रेडिओ कमिशन आलं आणि 1934 मध्ये त्याच्या जागी आजचं एफसीसी, म्हणजे तिथला दूरसंचार नियामक. लहरींना देशाची हद्द कळत नाही म्हणून वर आयटीयू ही संयुक्त राष्ट्रांची संस्था आहे, तिथे दर तीन-चार वर्षांनी सगळे देश बसून कुठला बँड, म्हणजे फ्रिक्वेन्सीचा पट्टा, कशाला ते ठरवतात, 2023 ची बैठक दुबईला झाली.

आता वायफायचं. लायसन्स लागत नाही म्हणजे नियम नाहीत असा बऱ्याच जणांचा समज असतो, तो बरोबर नाही. 1985 मध्ये एफसीसीने 900 मेगाहर्ट्झच्या आसपासचा, 2.4 आणि 5.8 गिगाहर्ट्झचा बँड विनालायसन्स वापरासाठी खुला केला, कारण तिथे आधीपासून मायक्रोवेव्ह ओव्हन आणि कारखान्यातली हीटिंगची यंत्रं बसली होती, तो बँड घ्यायला दुसरं कुणी फारसं उत्सुक नव्हतं. अट अशी की पॉवर ठरलेल्या मर्यादेत ठेवायची, दुसऱ्याला त्रास द्यायचा नाही आणि आपल्याला झाला तर तक्रार करायची नाही. म्हणून सिग्नल घरापुरता राहतो आणि म्हणूनच ते जमतं. तरी 2.4 मध्ये एकमेकांवर न चढणारे चॅनल तीनच, 1, 6 आणि 11. दाट वस्तीच्या इमारतीत संध्याकाळी फोनवर वायफाय अ‍ॅनालायझर लावून बघा, वीस-तीस राउटर त्याच तीन चॅनलवर दाटीवाटीने बसलेले दिसतात आणि प्रत्येक जण बोलायच्या आधी दुसरा थांबायची वाट बघतोय. आता हेच दहा-वीस किलोमीटर रेंजच्या टॉवरांनी केलं तर काय होईल ते सांगायला नको.

आणि लायसन्स दिलं, मधे मोकळी पट्टी सोडली, तरी काम संपत नाही. विमानातला रेडिओ अल्टिमीटर, म्हणजे जमिनीपासूनची उंची मोजणारं यंत्र, 4.2 ते 4.4 गिगाहर्ट्झवर चालतं. अमेरिकेत 5जी साठी 3.7 ते 3.98 चा बँड विकला, मधे 220 मेगाहर्ट्झ रिकामे. तरीही जानेवारी 2022 मध्ये ऐनवेळी विमानतळांजवळचे टॉवर सुरू करायचं लांबणीवर टाकावं लागलं, कारण काही जुन्या अल्टिमीटरचे फिल्टर इतके ढिले की स्वतःच्या बँडबाहेरचंही त्यांना ऐकू जातं. एफसीसी म्हणतंय धोका नाही, विमान वाहतुकीचं खातं म्हणतंय आहे, आणि दोन्ही एकाच सरकारची. लिलावात तोवर 81 अब्ज डॉलर घेऊन झालेले! माझ्या मते देखरेख म्हणजे हे काम, विकण्याआधी शेजारी कोण बसलाय आणि त्याचा रिसीव्हर कसा आहे ते तपासणं.

मोकळा_बाजार:
वरचा प्रतिसाद माहितीपूर्ण आहे पण निष्कर्ष थोडा घाईचा वाटतो. गोंधळ होतो म्हणून सरकारनेच वाटप करावं हे सिद्ध होत नाही. रोनाल्ड कोझ या अर्थशास्त्रज्ञाने 1959 मध्येच लिहिलं होतं की 1926 चा गोंधळ हक्क ठरलेले नव्हते म्हणून झाला, हक्क स्पष्ट करा, खरेदी-विक्री करू द्या, ज्याला जास्त गरज तो घेईल. तेव्हा त्याला कुणी फारसं मनावर घेतलं नाही.

त्याऐवजी काय चाललं होतं तेही बघा. आधी एफसीसी सुनावण्या घ्यायचं, कोण जास्त लायक ते वकील भांडून ठरवणार, वर्षानुवर्षं निकाल नाही. मग 1980 च्या दशकात सेल्युलरसाठी चक्क लॉटरी काढली, अर्जांचा पाऊस पडला, ज्यांचा टेलिकॉमशी काडीचा संबंध नाही अशांनी अर्ज टाकले. 1989 मध्ये एका गटाला असं लायसन्स लागलं आणि त्यांनी ते 41 दशलक्ष डॉलरला विकून टाकलं. तो पैसा लोकांचा होता ना? त्यामानाने 1994 पासून तिथे लिलाव सुरू झाले ते शंभर पटीने बरे. ज्यांनी त्या लिलावाची रचना केली त्यातल्या मिलग्रॉम आणि विल्सनना 2020 मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. रचना चुकली तर काय होतं त्याचं उदाहरण न्यूझीलंड, 1990 च्या सुमारास त्यांनी असा नियम ठेवला की जिंकणाऱ्याने दुसऱ्या नंबरच्या बोलीइतके पैसे द्यायचे, आणि किमान किंमत ठेवलीच नाही. एकाने एक लाख डॉलरची बोली लावली आणि त्याला भरावे लागले 6 डॉलर. 

हिशेबनीस:
लिलाव लॉटरीपेक्षा आणि "आधी येईल त्याला"पेक्षा कितीतरी बरा, यात वादच नाही. आपल्याकडे 2008 ला आधी येईल त्याला असंच वाटप झालं आणि 2 फेब्रुवारी 2012 ला सुप्रीम कोर्टाने 122 लायसन्स रद्द केली. पण त्यातून सगळ्यांनी धडा असा घेतला की जितके जास्त पैसे तितका लिलाव चांगला, आणि इथेच घोडं पेंड खातं.

700 मेगाहर्ट्झचं बघा. हा खालचा बँड, सिग्नल लांब जातो, भिंतीतून आत शिरतो, एकाच टॉवरवर मोठा पट्टा झाकतो, म्हणजे विरळ वस्तीसाठी यासारखा बँड नाही. 2016 ला राखीव किंमत, म्हणजे बोलीची किमान रक्कम, ठेवली देशभराच्या एका मेगाहर्ट्झला 11,485 कोटी. एकाही कंपनीने बोली लावली नाही. 2021 ला कमी करून पुन्हा ठेवला, पुन्हा शून्य. 2022 ला 3,927 कोटींवर आणला तेव्हा एका कंपनीने घेतला. सहा वर्षं तो बँड पडून राहिला. सरकारला दमडी मिळाली नाही, लोकांना नेटवर्क मिळालं नाही. कोळसा निदान पुढच्या वर्षी काढता येतो, न वापरलेला स्पेक्ट्रम त्या त्या क्षणी कायमचा वाया जातो. मला याचा खरंच संताप येतो कारण कुणी पैसे खाल्ले की बातमी होते आणि इथे जे नुकसान झालं त्याची कुठे ओळही छापून येत नाही.

दुसरीकडे जर्मनीने 2010 मध्ये 800 मेगाहर्ट्झ विकताना अट घातली की आधी 5,000 पेक्षा कमी वस्तीच्या गावांपासून सुरुवात करायची, मग टप्प्याटप्प्याने मोठी गावं आणि शेवटी शहरं. ब्राझीलने 2021 च्या 5जी लिलावात बहुतेक रक्कम खजिन्यात न घेता नेटवर्क उभारायच्या बंधनात वळवली, महामार्ग, शाळा, लहान गावं. तिजोरीत कमी आलं, पण टॉवर उभे करायचं बंधन लेखी आलं. सुप्रीम कोर्टाने 1995 मध्येच म्हटलंय की लहरी ही सार्वजनिक मालमत्ता, सरकार मालक नाही तर लोकांच्या वतीने सांभाळणारं. धागाकर्त्याच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर तेच आहे. आणि लोकांच्या वतीने सांभाळायचं तर मोबदला नोटांतच घ्यायला हवा असं कुठे आहे, कव्हरेजच्या रूपात घ्या की.

कुतूहल_कायम:
700 चं माहीत नव्हतं, वाचून सुन्न झालो. पण मग अटी घातल्या तरी त्या पाळल्या की नाही हे कोण बघतं? कंपनीने सांगितलं 98 टक्के झालं की झालं?

नकाशावाला:
अगदी मोक्याचा प्रश्न. पहिली गोम टक्केवारीत आहे. 98 टक्के कशाचे, लोकसंख्येचे, घरांचे की जमिनीचे? लोकसंख्येचे 98 टक्के शहरं आणि मोठी गावं झाकून बऱ्यापैकी गाठता येतात आणि तरीही जमिनीचा मोठा भाग कोरा राहू शकतो.

दुसरी गोम नकाशात. अमेरिकेत बरीच वर्षं पद्धत अशी होती की जनगणनेच्या एका ब्लॉकमध्ये एका घराला जरी ब्रॉडबँड मिळत असेल किंवा देता येण्यासारखं असेल तर अख्खा ब्लॉक "सेवा आहे" म्हणून रंगवायचा. ग्रामीण भागात हे ब्लॉक भले मोठे असतात. म्हणजे रस्त्याकडेच्या एका घराला केबल आली की मागे डोंगरापर्यंतची सगळी घरं कागदावर जोडली गेली, आणि कागदावर जोडली गेली म्हणून अनुदानाच्या यादीतून बाद. 2020 च्या कायद्याने हे बदललं, नोव्हेंबर 2022 ला नवा नकाशा आला ज्यात एकेक इमारत वेगळी दाखवलीये आणि कुणीही आपल्या पत्त्यावर आक्षेप नोंदवू शकतं. 42.45 अब्ज डॉलरचा ब्रॉडबँड निधी राज्यांना याच नकाशावरून वाटला, म्हणजे एकेका ठिपक्याला किती वजन आलं बघा.

तिसरी गोम वेगात. तिथे 2015 पासून 25 एमबीपीएस डाउनलोड आणि 3 अपलोड असेल तर ब्रॉडबँड म्हणायचे, मार्च 2024 ला ते 100 आणि 20 केलं, आणि एका रात्रीत कितीतरी घरं "सेवा आहे" मधून बाहेर पडली. आपल्याकडे 2023 पासून किमान 2 एमबीपीएस. 2 मध्ये एक व्हिडिओ कॉल जेमतेम होतो, तिथे दोन पोरांचा अभ्यास कसा होणार. उंबरठा खाली ठेवला की आकडे आपोआप छान दिसतात.

म्हणून अट लिहिताना तीन गोष्टी स्पष्ट हव्यात, कुठल्या घरांना, किती वेग, आणि तो मोजणारा कंपनीचा नसलेला कोणीतरी. ट्रायने, म्हणजे आपल्याकडच्या टेलिकॉम नियामकाने, 2024 च्या नियमांत कंपन्यांना कव्हरेजचे नकाशे वेबसाइटवर टाकायला लावलेत, चांगलं पाऊल आहे, पण नकाशा बनवणारी कंपनीच आहे हे लक्षात ठेवा.

ताई_नेटवाल्या:
एक मुद्दा राहतोय. नेट पोचलं तरी कंपनीने ठरवलं की अमुक साइट फुकट आणि तमुक पैसे मोजून, तर काय? अमेरिकेत यावर नुसता खेळखंडोबा चाललाय, 2015 ला नेट न्यूट्रॅलिटीचे, म्हणजे सगळ्या साइटना सारखंच वागवायचे, नियम आले, 2017 ला काढले, 2024 ला परत आणले, जानेवारी 2025 ला कोर्टाने उडवले. सरकार बदललं की नियम बदलणार असेल तर त्याला नियमन कसं म्हणायचं. आपल्याकडे ट्रायने फेब्रुवारी 2016 ला वेगवेगळ्या मजकुराला वेगवेगळे दर लावायला बंदी घातली आणि ती टिकली. त्याआधी 2015 ला दहा लाखांवर लोकांनी ट्रायला ईमेल पाठवले होते, ते विसरू नका.

कुतूहल_कायम:
म्हणजे ईमेलचा उपयोग होतो? कुठे आणि काय लिहायचं ते पण सांगा ना ताई.

ताई_नेटवाल्या:
होतो, पण मुद्द्याला धरून लिहिलं तर. कुठलाही लिलाव किंवा नियम यायच्या आधी ट्राय कन्सल्टेशन पेपर, म्हणजे लोकांची मतं मागवणारा कागद, काढतं, त्यात शेवटी प्रश्नांची यादी असते, नंबर घातलेले. सगळ्यांची उत्तरं द्यायची गरज नाही. राखीव किंमत आणि रोलआउटच्या (नेटवर्क उभारायच्या) अटी यावरचे प्रश्न शोधा, नंबर टाकून आपल्या भागाबद्दल लिहा, कुठल्या रस्त्यावर, कुठल्या कंपनीचा नकाशा काय दाखवतो आणि प्रत्यक्ष स्पीड टेस्टमध्ये काय येतं. सगळ्यांची उत्तरं वेबसाइटवर लागतात, मग काउंटर कॉमेंटसाठी, म्हणजे इतरांच्या उत्तरांवर आपलं म्हणणं मांडायला, वेगळी मुदत मिळते. त्या मुदतीत कंपन्यांनी काय लिहिलंय ते उघडून वाचा आणि अटी शिथिल करा असं कुणी म्हटलं असेल तर त्यालाच नेमकं उत्तर द्या, कारण तिथे सामान्य ग्राहकांकडून फार कमी लोक लिहितात.