लॉगिनपर्यंत कीबोर्ड चालतो, डेस्कटॉप उघडल्यावर मात्र एकही अक्षर उमटत नाही (उबुंटू लिनक्स २४.०४, ग्नोम डेस्कटॉप)

प्रश्न:
काल रात्री सोसायटीच्या सभेचे इतिवृत्त मराठी इनस्क्रिप्ट कीबोर्ड-मांडणीत टंकत असताना कीबोर्ड अचानक बंद पडला. माउस व्यवस्थित चालतो. संगणक दोनदा पुन्हा सुरू केला. ग्रबच्या यादीत (संगणक सुरू होताना कोणती प्रणाली उघडायची ते निवडण्याची यादी) बाणाच्या कळा चालतात, पासवर्डही टंकता येतो, पण डेस्कटॉप उघडला की लिहिलेले काहीच दिसत नाही. शेजाऱ्यांचा कीबोर्ड लावून पाहिला, तरी तेच. हा प्रश्न मी मोबाइलवरून लिहीत आहे.

उत्तर १:
वीज वाचवण्यासाठी लिनक्स काही यूएसबी साधने निजवून ठेवते आणि एखादे साधन त्यातून नीट जागे होत नाही. कीबोर्ड मागच्या बाजूच्या दुसऱ्या पोर्टला लावून पाहावा. त्याने फरक पडला नाही, तर आयबस (वेगवेगळ्या भाषांत टंकण्याची सोय सांभाळणारा प्रोग्राम) अडकले असण्याची शक्यता आहे. वरच्या पट्टीतून भाषा इंग्रजीवर आणून पाहावे.

उत्तर २:
पोर्टचा दोष असता, तर तो नेमका लॉगिननंतरच दिसला नसता. ग्रब चालते तेव्हा लिनक्स सुरूच झालेले नसते, त्यामुळे तेथे कळा चालल्याने फक्त कीबोर्ड शाबूत असल्याचे कळते. पासवर्ड टंकता आला याचा अर्थ मात्र कर्नलपर्यंत, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यापर्यंत, कळा नीट पोहोचत आहेत. लॉगिनचा पडदा वेगळ्या वापरकर्त्याच्या नावाने चालतो आणि त्याच्या सेटिंग्जही वेगळ्या असतात, तेव्हा दोष तुमच्या खात्याच्या सेटिंग्जमध्ये शोधावा लागेल. खात्री करायची असल्यास माउसने लॉगआउट करून लॉगिनच्या पडद्यावर कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ एकत्र दाबावे. काळ्या पडद्यावर नाव आणि पासवर्ड टंकता आला, तर यंत्राकडे पाहण्याचे कारण उरत नाही. आणखी एक करून पाहावे: डेस्कटॉपवर मजकुराची खिडकी उघडून एखादी कळ नेहमीसारखी न मारता सेकंदभर दाबून ठेवावी.

प्रश्नकर्ता:
भाषा बदलून उपयोग झाला नाही. काळ्या पडद्यावर सगळे टंकता आले. कळ दाबून ठेवल्यावर मात्र आधी काहीच नाही आणि मग एकदम ‘कककक’ उमटले!

उत्तर २:
मग ‘स्लो कीज’ चालू झाले आहे. हात थरथरणाऱ्यांसाठी ही सोय आहे. ठरावीक वेळ, मुळात ३०० मिलिसेकंद, दाबून ठेवलेली कळच ती मोजते, आणि भराभर टंकणाऱ्याची कळ त्याच्या कितीतरी आधी सुटलेली असते. सेटिंग्जमध्ये ॲक्सेसिबिलिटी, तेथे टायपिंग, असे माउसने जाऊन ‘स्लो कीज’ बंद करावे. ही नोंद खात्यात जपली जाते, म्हणूनच संगणक पुन्हा सुरू करून फरक पडला नाही. त्याच पानावर कीबोर्डवरून या सोयी चालू करण्याचा पर्याय आहे; तो चालू असेल, तर शिफ्ट सलग ८ सेकंद दाबून धरली की ‘स्लो कीज’ सुरू होते. इनस्क्रिप्टमध्ये अ, आ, इ, ई हे स्वर डाव्या हाताच्या कळांवर शिफ्टसह आहेत, त्यामुळे उजवी करंगळी शिफ्टवर ठेवून पुढचा शब्द आठवत बसणे आपल्याकडे सहज घडते.

प्रश्नकर्ता:
अगदी तसेच घडले आहे. ‘अध्यक्षांनी’ लिहायचे की ‘उपाध्यक्षांनी’, या विचारात करंगळी शिफ्टवर राहिली होती. तेव्हा एक चौकट आलीही होती, पण ती मी न वाचताच घालवली. कीबोर्डवरून चालू करण्याचा पर्याय गेल्या वर्षी मनगट प्लास्टरमध्ये असताना मीच लावला होता, कारण शिफ्ट ५ वेळा दाबून ‘स्टिकी कीज’ (शिफ्टसारखी कळ धरून न ठेवता आधी एकदा दाबली तरी चालण्याची सोय) चालू करणे एका हाताने सोयीचे पडत होते. आता ‘स्लो कीज’ आणि तो पर्याय, दोन्ही बंद केले आहे आणि हे उत्तर कीबोर्डवरूनच लिहीत आहे. शेजाऱ्यांचा कीबोर्ड संध्याकाळी परत करीन.