शब्दचर्चा: चिनी भाषेत ताप येतो कसा, उतरतो कसा?

प्रश्न: चिनी शिकतेय. पुस्तकात तापाला ‘फाशाओ’ दिलंय, पण रुग्णालयाच्या पाटीवर ‘फारऽ’ दिसतं. दोन्ही एकच का? आणि साध्या तापातून उठल्यावर ‘खांगफू’ (बरं होणं) म्हटलं तर चालेल?

उत्तर: अर्थ एकच. घरात, फोनवर ‘फाशाओ’च म्हणतात, ‘फारऽ’ हा डॉक्टरांच्या कागदावरचा शब्द. २००३च्या सार्सच्या साथीनंतर चीनमधल्या रुग्णालयांत तापाच्या रुग्णांसाठी वेगळे बाह्यरुग्ण विभाग झाले, त्यांना ‘फारऽ मनचन’ म्हणतात. तुम्ही पाहिलेली पाटी बहुधा तीच.

‘फाशाओ’ची खरी गंमत म्हणजे तो मधून फोडता येतो. सणसणून ताप असेल तर ‘काओ’, म्हणजे उंच, मध्ये शिरतो: ‘फा काओशाओ’. दोन दिवस ताप होता? ‘फा ल ल्यांग थ्येन शाओ’. दिवसही मध्येच! हे एकदा जिभेवर बसलं की बोलणं पुस्तकी वाटत नाही. नुसती कसकस असून ताप बारीक असेल तर ‘तीशाओ’. तिथे सगळं सेल्सिअसमध्ये चालतं. ‘सानशपा तू वू’ म्हणजे ३८.५, आपल्या जुन्या थर्मामीटरवरचे १०१.३.

ताप उतरला: ‘शाओ थुइ ल’. ‘थुइ’ म्हणजे मागे हटणं; ओहोटीलाही ‘थुइछाओ’च म्हणतात. इथे थ पक्का महाप्राण काढा. ‘तुइ’ झालं तर त्याचा अर्थ ‘बरोबर’, आणि सूरही (चिनीत अर्थ ठरवणारी आवाजाची चढउतार) दोन्हींचा चौथाच, त्यामुळे सगळी भिस्त त्या थवर. मराठी माणसाला हे जमायलाच हवं, आपल्याकडे त-थ वेगळे आहेतच.

‘खांगफू’ मात्र जड शब्द आहे. मोठं आजारपण, शस्त्रक्रिया, त्यानंतरचे व्यायामोपचार, अशा ठिकाणी तो शोभतो. दुसऱ्याला शुभेच्छा देताना ‘चाओर खांगफू’ अगदी योग्य (‘लवकर बरे व्हा’; यातला च ‘चाक’मधला). स्वतःच्या सर्दीतापाबद्दल सरळ ‘वो हाओ ल’, म्हणजे मी बरी झाले, म्हणा. शेवटचा ‘ल’ गाळू नका. आधी बरं नव्हतं, आता आहे, हा बदल तोच सांगतो. अजून थकवा असेल तर ‘हाओ त्वो ल’, म्हणजे बराच उतार आहे.

पुरवणी: २०२२च्या डिसेंबरात कोविड चीनभर पसरला तेव्हा ‘यांग ल’ म्हणजे चाचणी पॉझिटिव्ह आली, आणि त्यातून उठलेला तो ‘यांगखांग’, असं सर्रास ऐकू येई. यातला ‘खांग’ ‘खांगफू’मधलाच. एका गाजलेल्या वुश्या (चिनी युद्धकलेच्या साहसकथा) कादंबरीतल्या पात्राच्या नावाचा उच्चारही हुबेहूब हाच, म्हणून तो शब्द इतका झटकन तोंडी बसला.